जुन्या लॅपटॉपसाठी एसएसडी निवडताना

जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क) बसवायची असेल, तर वेगाचे आकडे पाहण्याआधी त्यात कोणती जोडणी आहे हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तपासावे. २०१२च्या सुमाराच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा (डिस्क जोडण्याची प्रचलित पद्धत) ड्राइव्हची जागा असते. नंतरच्या काही मॉडेलमध्ये एम.२ स्लॉट (पातळ पट्टीसारखा ड्राइव्ह बसवण्याची खाच) दिसतो, पण तो केवळ साटा ड्राइव्ह स्वीकारणारा असू शकतो आणि अशा स्लॉटमध्ये एनव्हीएमई (साटाहून वेगळ्या, अधिक वेगवान पद्धतीचा) ड्राइव्ह ओळखलाच जात नाही.

साटाच्या तिसऱ्या आवृत्तीच्या, म्हणजे साटा-३ जोडणीतून प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ५५० एमबीच मिळत असल्यामुळे वेष्टनावरील वेगासाठी जादा पैसे मोजू नयेत. त्याऐवजी डीरॅम कॅश (ड्राइव्हमधील वेगवान तात्पुरती मेमरी), टीबीडब्ल्यू (आयुष्यभरात एकूण किती टेराबाइट लिहिता येतील) या एककात दिलेली लेखनक्षमता आणि वॉरंटीची वर्षे यांची तुलना करावी. लॅपटॉपमध्ये साटा-२ (आधीची, कमी वेगाची आवृत्ती) असला तरी निराश होऊ नये, कारण जुनी डिस्क मुख्यतः विखुरलेल्या लहान फाइल शोधण्यात वेळ घालवते आणि एसएसडी नेमका तोच वेळ वाचवते.

माझ्या मते क्षमता शक्यतो ५०० जीबी घ्यावी. अडीच इंची एसएसडीची जाडी सहसा ७ मिमी असते; जागा ९.५ मिमीची असल्यास सोबत स्पेसर (उरलेली जाडी भरून काढणारी चौकट) लागू शकतो.