टांगत्या कुंडीत होया: लावणीपासून फुलांपर्यंत

होयाचा वेल वर्षानुवर्षे हिरवागार राहतो, पण फुलत नाही, ही तक्रार फार ऐकू येते. कारण बहुतेक वेळा दोनच: उजेड कमी किंवा कात्री जास्त.

निसर्गात होया झाडांच्या खोडाफांद्यांवर वाढतो. आपल्या सह्याद्रीतली होया वायटी ही जातही तशीच. तिथे मुळांना भरपूर हवा मिळते, म्हणून साधी बागेची माती या वेलाला मानवत नाही. नारळाच्या सोडणाचे तुकडे दोन भाग, परलाईट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) एक भाग, गांडूळखत एक भाग आणि मूठभर लोणारी कोळशाचे बारीक तुकडे असं मिश्रण करा. सुरुवातीला ४ ते ५ इंचांची कुंडी पुरे. मोठ्या कुंडीत मिश्रण दिवसेंदिवस ओलं राहतं आणि मुळं कुजतात. मुळं कुंडीत दाटली तरी होया खुशाल फुलतो. तळाच्या छिद्रांतून ती बाहेर डोकावू लागली की एकच माप मोठी कुंडी घ्या.

नवीन रोपासाठी दोन पेरांची (पेर म्हणजे पान फुटतं तो सांधा) काडी कापा. कापावर पांढरा चीक येतो, तो दोन-तीन तास सुकू द्या. खालच्या पेराची पानं काढून ते पेर ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या सोडणाच्या भुशात) खोचा. तीन ते सहा आठवड्यांत मुळं धरतात. भेट म्हणून होया केरी या जातीचं एकच हृदयाकृती पान कुंडीत लावून विकतात. त्याला पेराचा तुकडा नसेल तर मुळं फुटतात, पान कित्येक महिने टिकतं, पण वेल होत नाही.

कुंडी पूर्वेच्या खिडकीत टांगा. सकाळचं दोन-तीन तासांचं ऊन हवंच. एप्रिल-मे महिन्यांतलं दुपारचं ऊन मात्र पानं पिवळी पाडतं.

पाणी घालण्याआधी एक जुनं पान हळूच दुमडून पाहा. कडक असेल तर थांबा, मऊपणे वाकलं तर तळातून निथळेपर्यंत पाणी द्या. टांगत्या कुंडीला खाली चिकटवलेली ताटली असते, तिच्यात साचलेलं पाणी ओतून टाका. पावसाळ्यात दमट हवेमुळे मिश्रण उशिरा सुकतं, तेव्हा हात आखडता घ्या. मिश्रण ओलं असूनही पानं सुरकुतली, तर मुळं कुजली आहेत असं समजा. अशा वेळी आणखी पाणी घालणं म्हणजे वेल मारणं. निरोगी काड्या कापून नव्याने लावा.

वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा, एक लिटर पाण्यात १ ग्रॅम १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेलं) विद्राव्य खत पुरतं.

आता कात्रीबद्दल. वेलातून लांब, बिनपानांची शेंडी निघते, ती वाळलेली समजून कापू नका. पानं तिच्यावर नंतर येतात. फुलं गळल्यावर उरणारा आखूड देठही तसाच ठेवा. पुढच्या वेळचा गुच्छ त्याच देठावर येतो, म्हणून तो तोडला की पुढचा बहर लांबतो. काडीपासून केलेल्या होया कार्नोसा या जातीच्या वेलाला पहिलं फूल यायला दोन-तीन वर्षं लागू शकतात, हेही ध्यानात असू द्या.

कळ्या दिसल्या की कुंडी हलवू नका आणि मिश्रण पूर्ण सुकू देऊ नका, नाहीतर कळ्या गळतात. कोवळ्या कळ्यांवर मावा येतो, पानांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड). ढेकूण स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा. माव्यावर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि द्रवरूप साबणाचे काही थेंब मिसळून संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा एकदा.

उमललेल्या फुलांतून चिकट मध ठिबकतो. खाली पुस्तकं किंवा गादी असेल, तर कुंडीची जागा कळ्या धरण्याआधीच बदला.