मे महिन्यातले बटर
पाककृतींच्या एका विलायती पुस्तकातला प्रत्येक केक क्रमाने करायचा, असा चंग मी पाडव्याला दांडिया बाजारातल्या आमच्या घरी बांधला. मात्र मे महिन्यात सलग तीन केक विटेसारखे गच्च निघाले. ओव्हनला उगीच दोष दिला. (सासूबाई म्हणाल्या, "त्यापेक्षा ढोकळा कर.") खरी गोम 'खोलीच्या तापमानाचे बटर' या शब्दांत होती: त्यांची खोली २० अंशांची, बडोद्याची उन्हाळ्यात ४०च्या आसपास, आणि ३२ ते ३५ अंशांना बटर पातळ झाले की साखरेबरोबर कितीही फेटले तरी त्यात हवा टिकत नाही. आता फ्रिजमधले बटर दहाच मिनिटे बाहेर ठेवते आणि दाबल्यावर खळगा पडला, पण बोट तेलकट झाले नाही, तर बर्फाच्या पाण्यात ठेवलेल्या पातेल्यात फेटते. चौथा केक छान फुलला. एकोणतीस उरले आहेत.