लेव्हल १०० झाली आणि बोअर व्हायलंय? या चुका टाळा

"दादा, १०० झालो. आता काय?" हा मेसेज आमच्या ऑनलाइन गेमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठरलेला आहे. टाकणारा बदलतो, मेसेज तोच. पंधरा-वीस दिवसांनी तोच पोरगा "गेममध्ये दम नाही राव" म्हणत सबस्क्रिप्शन बंद करतो, दुसरा गेम टाकतो आणि तिथंही शेवटच्या लेव्हलला जाऊन अडकतो.

गेममध्ये दम आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट २००४ पासून चालू आहे. लेव्हलची मर्यादा ६० वरून वाढत वाढत १२० वर गेली आणि २०२० मध्ये कंपनीने ती परत ६० वर आणून ठेवली. तरी लोक खेळतच राहिले. गिल्ड वॉर्स २ ची मर्यादा २०१२ पासून ८० आहे, एकदाही वाढली नाही. तिथंही माणसं टिकून आहेत. तेव्हा लेव्हल संपली म्हणून गेम संपला, हे कारण सांगू नका.

आम्ही आठ जण आहोत. लातूर, नांदेड, परभणीचे. एक नोकरीसाठी पुण्याला. मुख्य गेम फायनल फँटसी १४, त्यामुळे उदाहरणं बहुतेक तिथलीच येतील. चुका मात्र सगळीकडं सारख्याच दिसतात.

पैसे देऊन लेव्हल घेणं

याच्यावर मी जास्त बोलणार आहे, कारण याच्यामुळं आमच्या लई रात्री वाया गेल्यात.

कंपनीच्याच अधिकृत दुकानात अशी सोय मिळते: पैसे भरा, एक जॉब (पात्राची लढाईतली भूमिका) थेट वरच्या लेव्हलला न्या, पाहिजे तर मागची सगळी कथाही गाळा. परभणीच्या एका पठ्ठ्याने दोन्ही घेतलं. जॉब पॅलाडिन, म्हणजे टँक, शत्रूचा मार अंगावर घेणारा. उरलेल्या लेव्हल त्याने दोन-चार दिवसांत कशातरी ओढल्या आणि आमच्यासोबत डंजनला आला. डंजन म्हणजे राक्षस आणि बॉस मारत जायची चौघांची मोहीम: एक टँक, एक हीलर (जखमा भरणारा), दोघं मारणारे. हीलर नांदेडची ताई होती.

पहिल्याच घोळक्यात सगळे राक्षस ताईच्या अंगावर. ती मेली, मग आम्ही मेलो, शेवटी हा. परत सुरुवात, परत तेच. तिसऱ्यांदा पडल्यावर हा म्हणतो, "दादा, हे सगळे ताईकडंच काहून पळायलेत?"

"स्टान्स लाव ना."

"कुठला स्टान्स?"

ताईने हेडफोन काढून ठेवल्याचा आवाज आला.

टँक स्टान्स लावला की शत्रूचं लक्ष टँकवर राहतं. पॅलाडिनचा स्टान्स म्हणजे आयर्न विल. तो लेव्हल १० ला मिळतो. पायी चालत आलेल्या माणसाला तो शिकवावा लागत नाही, कारण त्या वेळी हातात बटणंच चार-पाच असतात. याला एकदम तीसेक बटणं मिळाली होती आणि आयर्न विल बारवर ठेवलेलंच नव्हतं. हॅलोड ग्राउंड मात्र ठेवलं होतं, चित्र भारी दिसतं म्हणून. ते दाबलं की दहा सेकंद अंगाला काहीच लागत नाही, पण परत वापरायला सात मिनिटं थांबावं लागतं. ह्या बहाद्दराने ते बॉससमोरचं दार उघडायच्या आधीच, "काय होतंय बघू" म्हणून दाबलं.

अकरावीला वर्गात न बसता थेट लातूरच्या रिपीटर बॅचमध्ये ॲडमिशन घेतल्यासारखं आहे हे. टेस्ट सिरीज समोर येते, पण प्रश्न कशावर आहे तेच कळत नाही.

उपाय आहे. अशा माणसाला मी सरळ खाली पाठवतो. आधी हॉल ऑफ द नॉव्हिस, म्हणजे नवशिक्यांची तालीम, मग सस्ताशा, म्हणजे लेव्हल १५ चं पहिलं डंजन. लेव्हल सिंकमुळं तुमची लेव्हल तिथं डंजनएवढी खाली येते आणि बटणंसुद्धा तेवढीच उरतात, म्हणून एकेक समजून घेता येतं. ड्यूटी सपोर्ट लावला तर सोबत गेमचीच पात्रं येतात. किती वेळा मेलात तरी कुणी काही बोलत नाही. "पण तिथं गिअर (चिलखत, हत्यारं) मिळत नाही" असं ज्याला वाटतं, त्याला मी आठ जणांत घेत नाही. एवढं सरळ आहे.

परभणीकर शिकला, चांगला टँक झाला. पण गाळलेली कथा परत कशी आणणार? या गेममध्ये साधारण चार महिन्यांनी नवा पॅच (कथेची आणि कामांची नवी भर) येतो आणि जुन्या खेळाडूंतला मोठा वर्ग पुढं काय होतं हे बघायलाच परत येतो. पॅच आला की आमच्या कॉलवर सगळे गप्प बसून सीन बघायचे आणि हा विचारायचा, "हा म्हातारा कोण?" पात्रांशी ओळखच नाही तर त्यांचं पुढं काय झालं याचं कुतूहल कुठून येणार? दोन पॅच निघाले, मग तो आलाच नाही.

रोजची हजेरी भरणं

दुसरा आमचा नांदेडचा गडी. याने शेवटच्या लेव्हलला पोचल्याबरोबर एक्सेल शीट केली. रुलेट (गेम निवडून देईल त्या डंजनची रोजची फेरी) किती झाले, टोळ्यांची रोजची १२ कामं झाली का, मिनी कॅक्टपॉट या गेममधल्या लॉटरीची तीन तिकिटं खरवडली का, आठवड्याच्या डिलिव्हऱ्या किती बाकी. हिरवा रंग म्हणजे झालं, लाल म्हणजे राहिलं.

रुलेट आपल्याकडच्या वेळेने रात्री साडेआठला नव्याने सुरू होतात. साडेआठला याच्या घरात काय चाललंय हे आम्हाला कॉलवर ऐकू यायचं. आई ताटात भाकरी वाढून हाका मारायली, हा "आलो, एकच राहिलंय." एक संपलं की दुसरं. भाकरी वाळून पापड व्हायची. एंडवॉकर या विस्ताराच्या काळात सगळ्यात वरच्या टोमस्टोनला (गिअर घ्यायचं गेममधलं चलन) आठवड्याला ४५० ची मर्यादा होती, आणि अंगातलं चिलखत ८२५ ला. म्हणजे कितीही जीव काढा, दोन आठवडे लागणारच. हा ४५० बुधवारीच भरायचा (आठवडा मंगळवारी दुपारी दीडला बदलतो) आणि तरी पुढचे सहा दिवस शीट हिरवी करत बसायचा. दोन महिन्यांनी म्हणाला, "नोकरी वाटायली."

मग? नोकरीसारखीच केली होती.

गेममधली सगळी कामं एकाच माणसासाठी बनवलेली नसतात, हे नव्या पोरांना कुणी सांगत नाही. रिचर्ड बार्टल या माणसाने १९७८ मध्ये इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉसोबत मड हा नुसत्या अक्षरांचा गेम बनवला. आजच्या ऑनलाइन रोल-प्लेइंग गेमांचं मूळ तिथं आहे. त्याने १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार मांडले: मिळवणारे, धुंडाळणारे, माणसांत रमणारे आणि दुसऱ्याला छळण्यात मजा घेणारे. कंपनी चौघांचंही ताट वाढते. तुम्ही चारही ताटं रोज साफ करायला बसलात तर अजीर्ण होणार, त्यात गेमचा काय दोष?

त्याला मी एकच काम सांगितलं. शीटमधल्या प्रत्येक ओळीपुढं लिही, बक्षीस काढून घेतलं तरी हे करशील का? 'नाही' आलं की ओळ उडव. शेवटी काय उरलं माहितीये? मासे पकडणं. गोदावरीच्या काठाला जन्म गेला, पण हातात कधी गळ धरला नाही, आणि इथं हा ठरावीक हवामान आणि ठरावीक वेळेलाच लागणाऱ्या माशांच्या मागं. गेममधला एक दिवस आपल्या ७० मिनिटांचा असतो, त्यामुळं एखादा मासा चुकला की परत कधी येईल याचा हिशेब मांडावा लागतो. तो हिशेब तो आवडीने मांडतो. दर दोन तासांनी सुटणाऱ्या मासेमारीच्या बोटीवर त्याची चार परदेशी माणसांशी मैत्री झाली. आठवड्याला एक रात्र आमच्यासोबत रेड (आठ जणांनी मिळून मोठ्या बॉसशी लढाई), बाकी मासे. अजून खेळतोय.

माझी स्वतःची सवय अशी: आठवड्याला दोनच गोष्टी ठरवायच्या. एक माणसांसोबतची, एक एकट्याची. बाकी झालं तर झालं.

"मी बाहेर होतो तरी लागलं"

हे रडगाणं रोज ऐकतो. जमिनीवर केशरी खूण येते, माणूस बाहेर पळतो, नंतर स्फोट दिसतो आणि हा मरतो. मग शिव्या इंटरनेटला.

या गेममध्ये कुणाला लागायचं हे बॉसची कास्टची पट्टी (हल्ल्याची तयारी दाखवणारी) भरते त्या क्षणीच ठरतं. स्फोटाचं चित्र नंतर येतं. तुम्ही चित्र बघून पळालात तर उशीर झालेलाच असतो. भारतात या गेमचा सर्व्हर नाही. जपान, अमेरिका, युरोप, ओशनिया एवढेच पर्याय. त्यामुळं आपण कुठं आहोत हे सर्व्हरला कळायलाही थोडा वेळ जातो. पट्टीवर नजर ठेवा आणि ती भरायच्या बऱ्यापैकी आधी पाय काढा. "शेवटचा एक स्पेल टाकतो आणि जातो" हा मोह आवरा. मेलेल्या माणसाचा डॅमेज शून्य असतो.

युरोपच्या ग्रुपला आठ वाजता 'हो' म्हणणं

जर्मनीचे रात्रीचे आठ म्हणजे आपले साडेअकरा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागं जातात की साडेबारा, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी परत साडेअकरा. लातूरच्या एकाला हे माहीत नव्हतं. नोव्हेंबरभर तो एक तास आधी येऊन बसायचा आणि सकाळी दुकानाच्या काउंटरवर डुलक्या काढायचा. आपल्या वेळेची माणसं शोधा. थोडी कच्ची असली तरी चालतील, दर आठवड्याला तीच आली पाहिजेत.

गिअर आल्यावर शिकेन

नाही शिकणार. सॅव्हेज, म्हणजे अवघड रेडमध्ये आठपैकी एक जण चुकीच्या जागी उभा राहिला की बहुतेक वेळा आठही जातात. त्यात तुमची तलवार किती भारी आहे याला कोण विचारतो?

बोअर झालं की नवा जॉब

एकाच पात्रावर सगळे जॉब घेता येतात, म्हणून लोक एक अर्धवट सोडून दुसरा धरतात. रेडच्या वेळी विचारलं की सगळं येतं, नीट काहीच नाही. एक पक्का करा, मग उड्या मारा.

गेममधलं सोनं बाहेरून विकत घेणं, लपून टूल वापरणं

अकाउंट जातं. रडत ग्रुपवर येऊ नका.

लाईट आणि ऊन

मे महिन्यात आपल्याकडं पारा ४० च्या वर असतो. लॅपटॉप तापून स्वतःच संथ होतो आणि पोरं ग्राफिक्स कार्ड बघत फिरतात. सेटिंगमध्ये फ्रेम सेकंदाला ६० वर बांधा, खालून हवा जाईल असं काहीतरी ठेवा, गादीवर ठेवून खेळू नका. लाईट गेली की लॅपटॉप चालू राहतो पण राउटर बंद पडतो. त्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या. राउटरच्या ॲडाप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते आधी वाचा.

सुट्टी घ्यायला घाबरणं

"मागं पडेन" ही भीती. गेमचे प्रमुख नाओकी योशिदा स्वतः सांगतात की करण्यासारखं काही नसेल तर दुसरे गेम खेळा, पॅच आला की या. सोयाबीनच्या काढणीत आमचे दोघं महिनाभर गायब असतात, परत आले की दोन आठवड्यांत बरोबरीला येतात. नवा पॅच आला की आधीचं गिअर मिळवणं सोपं होतं, त्यामुळं फार काही बुडत नाही. फक्त गेममध्ये स्वतःचं घर असेल तर तेवढं बघा: ४५ दिवस मालक आत गेला नाही तर ते पाडलं जातं. नुसतं लॉगिन करून भागत नाही, दारातून आत जाऊन यावं लागतं.