पिचरला फिल्डिंग शिकवताना या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईत बेसबॉलला येणारी बरीच मुलं आधी क्रिकेट खेळलेली असतात. त्यामुळे चेंडू अडवणं, उचलणं त्यांना जमतं. अडतं ते पुढे: उचललेला चेंडू कुठे फेकायचा आणि चेंडू दुसऱ्याकडे गेला तर आपण कुठे पळायचं. पिचरच्या, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या, फिल्डिंगमधल्या चुका हातापेक्षा पायात आणि डोक्यात जास्त होतात. सराव मात्र हातांचाच चालू असतो.

फर्स्ट बेसवर कोणीच नाही

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. चेंडू फर्स्ट बेसमनकडे जातो, तो बेस सोडून पुढे येऊन अडवतो, मान वर करून बघतो तर बेस मोकळा. पिचर माऊंडवरून (तो जिथून फेकतो त्या उंचवट्यावरून) बघत उभा. असं लहान मुलांचंच होतं असं नाही. 2024 च्या वर्ल्ड सिरीजच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलच्या अंतिम मालिकेच्या) पाचव्या सामन्यात यांकीज संघ डॉजर्सविरुद्ध 5-0 ने पुढे होता. पाचव्या इनिंगमध्ये दोन आऊट झालेले, तिन्ही बेसवर रनर, मुकी बेट्सचा चेंडू फर्स्ट बेसमन रिझोकडे गेला आणि पिचर गेरिट कोल बेस कव्हर करायला पळालाच नाही. तिसरा आऊट होऊन इनिंग तिथेच संपली असती. ती लांबली, डॉजर्सनी पाच रन काढून बरोबरी केली आणि पुढे सामना 7-6 ने जिंकून सिरीजही घेतली.

म्हणून नियम एकच ठेवा: चेंडू पिचरच्या डाव्या हाताला गेला की पळायचं. चेंडू कोण अडवणार याचा विचार पळता पळता करायचा. फर्स्ट बेसमन एकटाच बेसवर पोहोचत असेल तर तो हात हलवून नको म्हणेल. पळालेला पिचर थांबू शकतो, उभा राहिलेला वेळेत पोहोचत नाही.

पळालेला पिचरही चुकतो, कारण तो नाकासमोर थेट बेसवर जातो. मग वेग आवरत नाही, तो रेषा ओलांडतो आणि रनरवर आदळतो. बेसच्या तीन-चार मीटर अलीकडे, फाऊल लाईनच्या साधारण एक मीटर आत फक्कीने एक फुली मारा. पिचरने आधी त्या फुलीकडे पळायचं, तिथून वळून लाईनला समांतर बेसकडे जायचं आणि पावलं लहान करायची. चेंडू बेसच्या दोन पावलं आधी, छातीच्या उंचीवर हातात यायला हवा. आधी झेल, मग बेस. बेसला उजवा पाय लावायचा, तोही मैदानाच्या आतल्या कडेला, आणि लगेच डावीकडे मैदानात वळायचं. डावा पाय लावला की पुढचं पाऊल रनरच्या वाटेत पडतं आणि घोट्याला मार बसतो. आत वळल्याचा दुसरा फायदा असा की पुढे सटकणारा रनर नजरेसमोर राहतो. तिसऱ्या बेसवरचा रनर अशाच वेळी गुपचूप होमकडे (जिथे पोहोचलं की रन होतो) निघतो.

फर्स्ट बेसमनलाही यात धडा आहे. जवळून द्यायचा चेंडू अंडरआर्म, मनगट न वळवता, आणि ग्लव्हमधून आधीच बाहेर काढून पिचरला दिसेल असा. क्रिकेटच्या पोरांना हे पटकन जमतं.

पिचच्या आधी सराव, पिचनंतर फिल्डिंग

पिचर ताठ उभा, कोचने चेंडू सरपटत सोडला, त्याने उचलून फेकला. हा सराव दिसतो छान, उपयोग थोडा. सामन्यात चेंडू येतो तेव्हा पिचर फेकून झुकलेला असतो, एक पाय हवेतून खाली येत असतो. त्यामुळे प्रत्येक वेळी पूर्ण अॅक्शन करायला लावा, टॉवेल हातात घेऊन केली तरी चालेल, आणि पाय जमिनीला टेकल्यावरच चेंडू सोडा.

अंगावर परत येणाऱ्या फटक्यासाठी एकच गोष्ट बघा: चेंडू सुटल्यावर ग्लव्ह कुठे आहे? तो मांडीमागे लोंबत असेल तर चेहरा उघडा पडतो. छातीसमोर आणा. सुरुवात टेनिस बॉलने, आठ-नऊ मीटरवरून, हाताने फेकून. खरा चेंडू 142 ते 149 ग्रॅमचा असतो, घाई नको. उजव्या हाताचे बरेच पिचर फेकल्यावर फर्स्ट बेसच्या बाजूला झुकतात. ते थांबवण्यासाठी काही कोच अॅक्शनच बदलतात. आमच्या मते हा उलटा व्यवहार आहे. अॅक्शन राहू द्या, पाय टेकल्यावर समोर वळणारं छोटं पाऊल शिकवा.

आपल्याकडे अजून एक अडचण: मुरमाच्या सपाट मैदानावर माऊंडच नसतो. असा सराव झालेला मुलगा स्पर्धेत माऊंडवरून धावत उतरताना पहिल्याच पावलाला अडखळतो. स्पर्धेआधी उतारावरून चार-पाच वेळा नुसतं पळवून घ्या.

बंट: उचलला, आणि भलतीकडे फेकला

क्रिकेटमध्ये धावताना एका हाताने उचलून स्टंपवर मारणं म्हणजे शाबासकी. इथे तीच सवय नडते. बंटचा, म्हणजे बॅट न फिरवता हळूच टेकवून सोडलेला, चेंडू अजून घरंगळत असेल तर दोन हातांनी. पूर्ण थांबला असेल तरच उघड्या हाताने, आणि तोही जमिनीत दाबून, वरून चिमटीत नाही. पावसाळ्यात ओल्या मुरमात चिमटीतला चेंडू हमखास निसटतो.

उजव्या हाताच्या पिचरने थर्ड बेसच्या बाजूचा बंट घेताना चेंडूला थोडा वळसा घालायचा, उजवा पाय रोवायचा, डावीकडे वळून डावा खांदा फर्स्ट बेसकडे आणायचा आणि मग फेकायचं. बहुतेक वाइल्ड थ्रो पाय न रोवता, पळता पळता फेकल्याने होतात. चेंडू फर्स्ट बेसच्या लाईनजवळ असेल तर आधी एक पाऊल मैदानात, नाहीतर थ्रो रनरच्या पाठीत बसतो. डावखुऱ्याची पावलं वेगळी, त्याचा सराव वेगळा घ्या.

कुठे फेकायचं, हा खरा गोंधळ. क्रिकेटचा मुलगा डेंजर एंड शोधतो, म्हणजे पुढचा रनर जिथे पळतोय तिथे फेकतो. पण फक्त सेकंड बेसवर रनर असेल तर थर्डला फोर्स नाही, म्हणजे नुसता बेसला पाय लावून रनर आऊट होत नाही, त्याला चेंडूने स्पर्श (टॅग) करावा लागतो, आणि तोपर्यंत फर्स्टचा सोपा आऊट हातचा जातो. पहिल्या बेसवर रनर असेल तर सेकंडला फोर्स आहे, तिथे बेसला पाय लागला की काम झालं. हा फरक मैदानावर रनर उभे करून दाखवा, फळ्यावर नाही. सामन्यात बेसचा आकडा कॅचरने (बॅटरमागे बसणाऱ्या खेळाडूने) ओरडायचा, कारण पूर्ण मैदान त्याच्यासमोर असतं. तो पिचरने चेंडू उचलायच्या आधी यायला हवा. उचलल्यावर आलेला "टू!" पिचरचा तोल घालवतो.

डबल प्लेसाठी (एकाच चेंडूवर दोन आऊट) सेकंड बेसवर शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्डमधला फिल्डर) येणार की सेकंड बेसमन, हे पिच टाकण्याआधी बोटाने खूण करून ठरवा. 2006 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये डेट्रॉइट टायगर्सच्या पिचरांनी पाच सामन्यांत पाच एरर (फिल्डिंगच्या चुका) केले होते. तिसऱ्या सामन्यात त्यांच्यातल्या झुमायाने हातात आलेला चेंडू सेकंडऐवजी थर्डला भिरकावला, आणि दोन रन गेले.

बाकीचं थोडक्यात

चेंडू आऊटफिल्डला गेला की पिचरने माऊंडवर थांबायचं नाही. थ्रो ज्या बेसवर येणार, त्याच्या मागे सहा-आठ मीटरवर, थ्रोच्या रेषेत उभं राहायचं. थर्ड की होम, हे कळत नसेल तर दोन्हींच्या मध्ये, फाऊल लाईनच्या बाहेर. आपल्या मैदानांवर मागे जाळी नसते, निसटलेला चेंडू शेजारच्या क्रिकेटच्या सामन्यात जातो. थर्डवर रनर असताना कॅचरकडून चेंडू सुटला तर होम कव्हर करायचं, पण चेंडू हातात नसताना रनरची वाट अडवायची नाही.

आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस मिनिटं पुरतात. यातले थ्रो पूर्ण ताकदीने नकोत. लिटल लीगच्या (मुलांच्या बेसबॉल संघटनेच्या) नियमात 11-12 वर्षांच्या पिचरला दिवसाला 85 पिचेसची मर्यादा आहे, पण फिल्डिंगचे थ्रो त्यात मोजले जात नाहीत आणि खांदा तोच असतो. त्यामुळे ज्या दिवशी मुलाने सामन्यात पिचिंग केली, त्या दिवशी फक्त पावलांचा सराव, चेंडूशिवाय. फर्स्ट बेस कव्हर करणं तर इमारतीखालच्या मोकळ्या पार्किंगमध्येही होतं: खडूने फुली, चपलेचा बेस.