एआय सहाय्यकाची ईमेल-जोडणी अपडेटनंतर बिघडल्यास दोष कसा शोधावा आणि कसा कळवावा

बेळगावच्या उद्यमबागेतील एखाद्या लहान कारखान्याच्या मेलपेटीत पुण्याच्या ग्राहकाची इंग्रजी पर्चेस ऑर्डर, कोल्हापूरच्या व्यापाऱ्याचे मराठी पत्र आणि सरकारी कार्यालयाची कन्नड नोटीस एकाच सकाळी येऊन पडते. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात एआय सहाय्यक ईमेलला जोडून घेण्याचा उपयोग मोठा आहे: कन्नड नोटिशीचा सारांश मराठीत मिळतो, जुने दरपत्रक शोधून मिळते, उत्तराचा मसुदा तयार होतो. मग एखादे अपडेट येते आणि कालपर्यंत नीट होणारे काम बिघडते. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात अशा बिघाडाला रिग्रेशन म्हणतात.

ईमेलच्या बाबतीत हा बिघाड लवकर ध्यानात येत नाही. ॲप बंद पडले तर निदान कळते. परंतु सहाय्यक ‘उत्तर पाठवले आहे’ असे सांगतो आणि प्रत्यक्षात काहीच गेलेले नसते, तेव्हा कोटेशनची मुदत उलटून गेल्यावरच ते उघड होते. म्हणून पहिली पायरी अशी, की सहाय्यकाच्या शब्दावर न थांबता मेलपेटी स्वतः ब्राउझरमध्ये उघडावी, पाठवलेले मेल आणि मसुदे हे दोन्ही कप्पे पाहावेत आणि जे दिसले ते वेळेसह लिहून ठेवावे. ‘असे का झाले’ हे त्या सहाय्यकालाच विचारण्यात अर्थ नाही. त्याला स्वतःच्या जोडणीच्या आतले सहसा दिसत नसते, तरी तो पटण्यासारखे कारण रचून देतो.

त्यानंतर, जो दोष अपडेटचा नाही तो बाजूला काढावा. गूगल खात्याला जोडणी दिलेली असेल तर खात्याच्या सुरक्षा-सेटिंगमध्ये, त्रयस्थ ॲपना दिलेल्या परवानग्यांच्या यादीत, वाचण्याची व पाठवण्याची परवानगी शाबूत आहे का ते पाहावे. पासवर्ड बदलला की जीमेल वाचण्यासाठी ॲपकडे असलेले टोकन, म्हणजे प्रवेशाची डिजिटल किल्ली, रद्द होते, आणि सहा महिने न वापरलेले टोकनही बाद होऊ शकते. अशा वेळी जोडणी पुन्हा करावी लागते, तिला बिघाड म्हणता येत नाही.

आपल्या भागात आणखी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगाव शहराचे अधिकृत नाव बदलले, तेव्हापासून इंग्रजी मेलमध्ये जुने (Belgaum) आणि नवे (Belagavi) अशी दोन्ही स्पेलिंगे चालतात. एका स्पेलिंगने शोधल्यावर दुसऱ्याचा मेल मिळाला नाही, तर दोष शोधण्याच्या शब्दात आहे. तसेच काही कन्नड कागद नुडी या कन्नड टंकन-सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोड ही आजची प्रमाण अक्षरपद्धत येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेले असतात. ते डोळ्यांना कन्नड दिसले तरी त्यांच्या आतली अक्षरे वेगळीच असतात, त्यामुळे सहाय्यकाला ते आधीही वाचता येत नसण्याची शक्यता आहे. ‘हे काम पूर्वी खरोखर होत होते का?’ हा प्रश्न इथे प्रामाणिकपणे विचारावा.

होत होते अशी खात्री पटली, तर तीच आज्ञा त्याच शब्दांत, नवे संभाषण सुरू करून, तीन वेळा द्यावी. एआय एकाच प्रश्नाला दर वेळी थोडे वेगळे उत्तर देतो, म्हणून एका अपयशावरून निष्कर्ष काढू नये. तिन्ही वेळा चूक त्याच जागी झाली तर संशय जोडणीवर घ्यावा. जोडणी तोडून पुन्हा करण्याचा मोह होतो, पण हे नोंदवून होईपर्यंत ती तोडू नये, कारण तोडल्यावर पुरावाही पुसला जातो.

आता स्वतःलाच पाठवलेले चार मेल कसोटीसाठी तयार करावेत: एक लांब मराठी विषयाचा, एक कन्नड मजकुराचा, एक पीडीएफ जोडलेला आणि एक दोन-तीन उत्तरांची साखळी असलेला. यांतला पहिला मेल मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. ईमेलची शीर्षके मुळात इंग्रजी अक्षरांसाठी आखलेली होती, म्हणून देवनागरी विषय सांकेतिक रूपात, तुकडे करून जातो आणि एक तुकडा ७५ चिन्हांपेक्षा मोठा असू शकत नाही. यूटीएफ-८ या संगणकात अक्षरे साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे असते आणि ‘क्ष’सारखे जोडाक्षर ९ बाइटचे. नव्या कोडने चिन्हाच्या मधोमध तुकडा पाडला, तर इंग्रजी विषय सुरळीत जातात आणि मराठी विषयात मात्र चौकोन किंवा प्रश्नचिन्हे उमटतात. केवळ इंग्रजीत चाचणी घेणाऱ्याच्या हे लक्षात येणार नाही, म्हणून ही चाचणी आपणच घ्यायला हवी.

साखळीच्या मेलला सहाय्यकाकडून उत्तर लिहून घ्यावे आणि ते जुन्या साखळीतच बसते का ते पाहावे. मूळ मेलचा ओळखक्रमांक उत्तरासोबत गेला नाही, तर ते वेगळा मेल म्हणून उघडते आणि ग्राहकाला आधीचा संदर्भ दिसत नाही. ‘आजचे मेल दाखव’ ही आज्ञाही द्यावी. आपली वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे असल्याने, दिवस त्या वेळेने मोजणारे कोड मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत आलेले मेल कालच्या खात्यात टाकते.

दोष निश्चित झाला की तो दुरुस्त होईपर्यंत सहाय्यकाची पाठवण्याची परवानगी काढून घ्यावी आणि त्याच्याकडून केवळ मसुदे लिहून घ्यावेत. निविदा, नोटिशीचे उत्तर, बँकेशी पत्रव्यवहार ही कामे या काळात स्वतःच्या हाताने करावीत.

तक्रार ॲपमधील मदत किंवा अभिप्राय या सोयीतून, साध्या इंग्रजीत लिहावी. तिच्यात ॲपची आवृत्ती, भारतीय वेळ असा उल्लेख करून घटनेची वेळ, दिलेली आज्ञा शब्दशः, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, हे यावे. काम शेवटचे नीट केव्हा झाले, ही तारीख मात्र काही केल्या गाळू नये. दोन आवृत्त्यांमध्ये ६४ बदल झाले असतील, तर विकासक दर वेळी निम्मे बदल बाजूला करत सहा चाचण्यांत दोषी बदलापर्यंत पोहोचू शकतो. पण त्यासाठी सुरुवात कुठून करायची हे त्याला तुमच्याच तारखेवरून कळते. बिघडलेला मराठी विषय फोटोसोबत मजकूर म्हणूनही द्यावा, म्हणजे त्याला तो उचलून चाचणीत घालता येईल. फोटोतला जीएसटी क्रमांक, बँक खाते आणि ग्राहकाचा पत्ता आधी झाकावा.

दुरुस्ती झाल्याचे कळले तरी पाठवण्याची परवानगी लगेच देऊ नये. तेच चार मेल पुन्हा चालवून पाहावेत, पाठवलेल्या मेलांच्या कप्प्यात मराठी विषय अखंड दिसतो आणि उत्तर साखळीत बसते याची खात्री करावी, आणि मगच परवानगी पुन्हा सुरू करावी. ते चार मेल पुसून न टाकता वेगळ्या लेबलखाली ठेवावेत, कारण पुढच्या अपडेटच्या दिवशी ते पुन्हा लागतील.