आधी माडग्याळची मेंढी, मग उत्खननातलं हाड

उत्खननातली हाडं ओळखायला शिकायचं असेल तर पुस्तकातल्या आकृत्यांपासून सुरुवात करू नका. आधी वय, लिंग, जात ठाऊक असलेल्या आजच्या जनावरांची हाडं जमवा. सगळ्यात जास्त घोळ मेंढी-शेळीचा होतो, आणि त्यासाठी सांगली जिल्हा सोयीचा. जत तालुक्यात माडग्याळची बाकदार नाकाची मेंढी आहेच, शेळ्याही दारोदारी.

मटणाच्या दुकानातली हाडं सत्तुराने तुटलेली असतात, बहुतेक कोवळ्या बोकडांची. पाये घ्यायचेच तर न भाजलेले मागा. खरं काम होतं धनगराकडे. जतकडे गेले की ओळखीच्या मामांना सांगून ठेवते, "मामा, मेंढी मेली तर पुरू नका, फोन करा." ते हसतात, पण सांगतात नेमकं: चारदाती (पुढचे चार पक्के दात आलेली), दोनदा व्यालेली, पावसाळ्यात लंगडायची. हे त्याच दिवशी वहीत उतरवा. एक पथ्य मात्र पाळा. जनावर अचानक मेलं आणि नाकातोंडातून काळपट रक्त आलं, तर हात लावू नका. फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स, असू शकते. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

मांस काढून हाडं पाण्यात कुजवायची. उकळायची नाहीत, सोडा नको, ब्लीच तर मुळीच नको. हाड खडूसारखं भुसभुशीत होतं. झाकणाचं पिंप घरापासून लांब ठेवा (माझं सासूबाईंच्या फर्मानाने गच्चीवरून मळ्यात गेलं). चारही पाय कांद्याच्या जाळीदार पिशव्यांत वेगवेगळे बांधा आणि कोणता कुठला ते चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहा. पाण्यात शाई जाते. सगळे एकत्र टाकले तर खुरांची बारीक हाडं लावता लावता पुढचा आठवडा जाईल. पाणी बदलताना चाळणीतून ओता. कोवळ्या जनावराच्या लांब हाडांची टोकं अजून जुळलेली नसतात, ती पाण्याबरोबर वाहून जातात, आणि वय ठरवायला तीच लागतात. नळीचं, म्हणजे खुरांच्या वरच्या लांब हाडाचं, खुराकडचं टोक साधारण दोन वर्षांच्या आगेमागे जुळतं. मग भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात चरबी काढा, सावलीत वाळवा आणि प्रत्येक हाडावर चायना इंकने क्रमांक घाला.

आता दोघींच्या पुढच्या पायाच्या नळ्या शेजारी ठेवा. शेळीची आखूड आणि रुंद. खुराकडच्या टोकाला दोन कप्प्या असतात, प्रत्येकीवर मधोमध उंच कड. शेळीत कप्पीचा बाहेरचा भाग त्या कडेच्या मानाने फारच लहान, मेंढीत तेवढा नाही. डोळे मिटून बोटांनी ओळखता येईपर्यंत पुन्हा पुन्हा हाताळा. उत्खननात बहुधा एवढाच तुकडा मिळतो.

सराव झाला म्हणून कृष्णाकाठी दरड ढासळून हाडं दिसली तर उपसू मात्र नका. उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो. फोटो घ्या, जागा आणि थर टिपा, पुण्याच्या डेक्कन कॉलेजला किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. रीतसर कामात हात लावायची वेळ आली तर काळी माती मऊ ब्रशने काढा, ओली हाडं उन्हात टाकू नका, तडकतात.

नोंद करताना बरगडी किंवा नळीचा मधला तुकडा हातात आला, तर रकान्यात 'मेंढी/शेळी' एवढंच लिहा आणि पुढचं हाड उचला.