ऑनलाइन मार्केटप्लेसवर विकलेलं पार्सल ‘डिलिव्हर्ड’ दिसतंय, पण गिऱ्हाईक म्हणतंय मिळालंच नाही?

वाद घालत बसू नका. आधी ट्रॅकिंगचा तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट काढा आणि कुरिअरकडून पीओडी (माल पोहोचवल्याचा पुरावा) मागवा: सही, फोटो किंवा ओटीपीची नोंद.

सही कोणाची ते नीट बघा. मुंबईत ती बऱ्याचदा वॉचमनची निघते, आणि बी विंगचं पार्सल डी विंगच्या केबिनमध्ये रजिस्टरखाली पडलेलं असतं. म्हणून गिऱ्हाइकाला पीओडीचा फोटो पाठवून गेटवर आणि शेजारी विचारायला सांगा.

नाहीच सापडलं, तर पुरावे जोडून मुदतीच्या आत गिऱ्हाइकाच्या डिस्प्यूटला (तक्रारीला) उत्तर द्या. बोलणं मात्र मार्केटप्लेसच्या चॅटमध्येच ठेवा. फोनवर काय ठरलं ते नंतर दाखवता येत नाही.

आणि गिऱ्हाईक कितीही गळ घालो, यूपीआयने परस्पर पैसे परत करू नका. मार्केटप्लेसकडूनही रिफंड मंजूर झाला तर दोनदा भुर्दंड.